मदत हवी आहे: मामांच्या शेतातली तेलाची फ्लोलाइन परत गळली, नियम नक्की कोणाचा? एनजीटी (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण) पुण्याबद्दलही माहिती हवी

शेवंती:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात वारजेला राहते, प्रश्न गुजरातचा आहे पण पुढची धावपळ बहुतेक पुण्यातच करावी लागणार असं दिसतंय म्हणून इथे विचारतेय. माझे मोठे मामा वडोदरा जिल्ह्यात शेती करतात, गायकवाडांच्या काळात तिकडे गेलेलं घर. त्यांच्या शेताखालून 4 इंची लाइन जाते, तेलाच्या विहिरीपासून जीजीएसपर्यंत, म्हणजे ग्रुप गॅदरिंग स्टेशन, जिथे आजूबाजूच्या विहिरींचं तेल-पाणी-गॅस सगळं एकत्र येतं. गेल्या पावसाळ्यात ती गळली तेव्हा कंपनीची माणसं आली, खड्डा खणला, क्लॅम्प मारला, वरची काळी माती पोत्यांत भरून नेली आणि पिकाचे पैसे दिले, मामा गप्प बसले. आता तूर फुलावर असताना जुन्या क्लॅम्पपासून थोड्याच अंतरावर त्याच लाइनला परत छिद्र पडलं. यावेळी तेल कमी आणि पाणी जास्त, काळपट खारं पाणी, उतारावरून खालच्या कापसात गेलं आणि तिथली झाडं दोन-चार दिवसांत करपली. शेताच्या विहिरीवर पण तवंग दिसतोय असं मामी म्हणते.

तलाटींनी पंचनामा केलाय, मामेभावाने फोटो-व्हिडिओ काढलेत. कंपनीचा माणूस परत क्लॅम्प मारून गेला आणि भरपाईचा कागद ठेवून गेला, त्यात एक ओळ आहे की या गळतीबाबत यापुढे आमची कुठलीही तक्रार राहणार नाही. मामांनी सही केलेली नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे, पैसे कमी द्या जास्त द्या पण पाइप बदला, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही परत इथेच उभे.

मला विचारायचंय ते असं की या असल्या छोट्या लाइनवर सरकारचा नियम नक्की कोणाचा असतो? मी नेटवर शोधलं तर पीएनजीआरबी, ओआयएसडी, पेसो, डीजीएमएस, जीपीसीबी (गुजरातचं प्रदूषण नियंत्रण मंडळ) एवढी नावं निघाली आणि प्रत्येकाच्या साइटवर पाइपलाइन हा शब्द आहेच. मामांनी एका ऑफिसला फोन केला तर ते म्हणाले हे आमच्याकडे येत नाही, दुसऱ्याने सांगितलं कंपनीशीच बोला. पाइप किती वर्षं जुना आहे, शेवटचा कधी तपासला, हे मागायचा शेतकऱ्याला हक्क आहे का? आणि एनजीटीचं वेस्ट झोनचं बेंच पुण्यात आहे, गुजरातच्या केसेस इथेच येतात असं कळलं, तिथे कोणी गेलंय का? ज्यांना खरोखर माहीत आहे त्यांनी प्लीज लिहा, मामांचं वय झालंय आणि त्यांना ऑफिसांमध्ये टोलवाटोलवी सहन होत नाही.

लोणीकर:
ताई, आमच्याकडे लोणी काळभोरला सगळे डेपो आहेत, मुंबईहून येणारी पेट्रोल-डिझेलची लाइन इथे येते आणि पुढे सोलापूरकडे जाते. आमच्या शेताच्या कडेने पिवळे मार्कर आहेत, लाइनमन चालत येतो, जेसीबी दिसला की लगेच विचारतो कोणी बोलावलाय. बोर्डवर टोल फ्री नंबर असतो त्यावर फोन केला की माणसं येतात. तुम्ही पीएनजीआरबीला मेल टाका, पाइपलाइनचा रेग्युलेटर तोच आहे, 2006 चा कायदा आहे त्यांचा.

निवृत्त_निरीक्षक:
लोणीकर, तुमच्या दारातली लाइन वेगळी आणि यांच्या मामांची वेगळी, इथेच सगळे फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी नोकरी पाइपच्या गंजातच गेली, आधी गुजरातच्या फील्डमध्ये आणि मग इतरत्र, आता सिंहगड रोडला असतो.

लोणीची लाइन क्रॉस-कंट्री, म्हणजे शुद्ध केलेला माल एका शहरातून दुसऱ्या शहरात नेणारी. तिला पीएनजीआरबी लागू. पण पीएनजीआरबीच्या कायद्यातच लिहिलंय की कच्च्या तेलाचं आणि नैसर्गिक वायूचं उत्पादन यातून वगळलंय. विहिरीपासून जीजीएसपर्यंतची फ्लोलाइन हा उत्पादनाचा भाग, म्हणून ती तिथून बाहेर. पेसो नागपूरला आहे, त्यांचं काम मुख्यतः पेट्रोलियम साठवण, वाहतूक, परवाने. ओआयएसडी, म्हणजे तेल उद्योगाचं सुरक्षा संचालनालय, 1986 पासून मानकं बनवते आणि ऑडिट करते, समुद्रातल्या कामांसाठी 2008 च्या नियमांनी त्यांना कायदेशीर अधिकार मिळाले, पण जमिनीवरच्या तेलक्षेत्राचा इन्स्पेक्टर ते नाहीत. तो आहे डीजीएमएस, खाण सुरक्षा महासंचालनालय, मुख्यालय धनबाद, अहमदाबादला प्रादेशिक ऑफिस. लोकांना आश्चर्य वाटतं पण 1952 च्या माइन्स ॲक्टमध्ये तेलाची विहीर ही खाणच धरली होती आणि त्याखाली ऑइल माइन्स रेग्युलेशन्स आहेत, आधी 1984 ची, मग त्यांच्या जागी 2017 ची आली. तक्रारीत पहिलं नाव डीजीएमएसचं घाला आणि कंपनीचा शब्द वापरा, फ्लोलाइन. नुसतं पाइपलाइन लिहिलंत की फाइल चुकीच्या टेबलावर जाते.

आता पाइप का फुटतो ते. जुन्या फील्डमध्ये विहिरीतून तेलापेक्षा पाणी जास्त येतं, त्याला वॉटर कट म्हणतात. उत्पादन घटलं की प्रवाह मंद होतो, मंद झाला की पाणी आणि गाळ पाइपच्या तळाशी बसतो, त्या पाण्यात मीठ, कार्बन डायऑक्साइड, कधी हायड्रोजन सल्फाइड आणि सल्फेट खाणारे जिवाणू. घड्याळाच्या काट्याप्रमाणे सहा वाजताच्या जागी खड्डे पडत जातात, वरून पाइप नवा दिसतो. कंपनी तुम्हाला सांगेल आमचं कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे विजेच्या बारीक प्रवाहाने गंज रोखणं, चालू आहे, रीडिंग मायनस 0.85 व्होल्टपेक्षा चांगलं आहे. ते खरंही असेल पण ते बाहेरच्या मातीकडून होणाऱ्या गंजासाठी, आतल्या गंजाला त्याचा काही उपयोग नाही. आतल्या गंजाला इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं केमिकल, पाणी साचू न देणं, आणि जाडी मोजत राहणं हेच उपाय. 4 इंची फ्लोलाइनला पिग, म्हणजे पाइपच्या आतून सोडायचं साफसफाईचं आणि तपासणीचं यंत्र, पाठवायची सोय बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून जागोजाग खणून अल्ट्रासॉनिकने जाडी मोजायची किंवा पाण्याच्या दाबाने हायड्रोटेस्ट करायची. एका क्लॅम्पशेजारी दुसरं छिद्र पडलं याचा अर्थ माझ्या दृष्टीने एकच, त्या पूर्ण तुकड्याचा तळ संपलाय, तो बदलायलाच हवा. मामांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे, त्यांना सांगा.

पेट्रो_थर्ड_इयर:
मी पुण्यातच पेट्रोलियम इंजिनीअरिंग करतोय. काका जे म्हणतायत त्यावर आम्हाला प्रुडो बेची केस शिकवली होती, अलास्का, मार्च 2006. तेल वाहून नेणाऱ्या लाइनला आतून गंज लागून पाव इंचाच्या आसपासचं छिद्र पडलं आणि 2 लाख गॅलनहून जास्त तेल, म्हणजे साधारण 8 लाख लिटर, टुंड्रावर पसरलं. गळती शोधणाऱ्या यंत्रणेला कळलंच नाही कारण गळतीचा वेग तिच्या मर्यादेपेक्षा कमी होता, एका कर्मचाऱ्याला वास आला तेव्हा समजलं. त्या लाइनमध्ये स्मार्ट पिग शेवटचा 1998 ला पाठवलेला. आणि मुद्दा हा की ती लाइन कमी दाबाची आणि वस्तीपासून लांब म्हणून तिथल्या केंद्राच्या पाइपलाइन नियमांतून तिला सूटच होती!!

निवृत्त_निरीक्षक:
बरोबर, आणि त्यानंतर काय झालं तेही सांग. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेच्या संसदेने कायदा करून कमी दाबाच्या लाइनची सूट काढायला लावली, आणि अलास्का राज्याच्या पर्यावरण खात्याने तेलक्षेत्रातल्या फ्लोलाइनसाठी वेगळे नियम आणले, गंज रोखायचा आणि मोजायचा कार्यक्रम ठेवायचा, देखभालीची नोंद ठेवायची. त्या लाइनच्या कंपनीला 2007 मध्ये दंड आणि इतर रकमा मिळून 2 कोटी डॉलर भरावे लागले. आपल्याकडे नियम नाहीत असं नाही, पण नियम पाळला का हे बाहेरच्या कोणीतरी विचारल्याशिवाय फील्डमध्ये छोट्या लाइनचा नंबर लागत नाही. मोठ्या ट्रंक लाइनला बजेट मिळतं, फ्लोलाइनला क्लॅम्प मिळतो. मी स्वतः आत बसून हे बघितलंय आणि आजही त्याचा राग येतो.

शेवंती:
काका, खूप खूप धन्यवाद, मामांना तुमचं सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले या साहेबांना विचार की शेतात अजून एक जुनी लाइन आहे, ती बंद आहे असं कंपनी म्हणते पण तिचं एक टोक बांधाजवळ उघडं दिसतं, नांगर लागतो म्हणून ते तिथे फिरवत नाहीत. त्याची काळजी करायची का?

निवृत्त_निरीक्षक:
करायची, आणि तक्रारीत वेगळा मुद्दा म्हणून लिहायची. कोलोरॅडोत फायरस्टोन म्हणून गाव आहे, तिथे एप्रिल 2017 मध्ये एक घर स्फोटात उडालं, दोन माणसं गेली. कारण निघालं एक इंचाची जुनी फ्लोलाइन, जमिनीखाली कापलेली, तोंड बंद केलेलं नव्हतं आणि दुसरं टोक अजून विहिरीला जोडलेलं, गॅस मातीतून घरात गेला. पुढच्याच वर्षी त्या राज्याने फ्लोलाइनचे नियम कडक केले. बंद लाइन म्हणजे तेल-गॅस काढून धुतलेली, दोन्ही टोकं कापून सील केलेली, विहिरीकडून आणि जीजीएसकडून वेगळी केलेली. नुसता व्हॉल्व्ह फिरवला तर ती बंद नव्हे. मामेभावाला सांगा त्या टोकाजवळ विडी-काडी नको आणि स्वतः खणून बघायला जाऊ नका.

वकील_शिवाजीनगर:
धागा उशिरा पाहिला. मी एनजीटीत पर्यावरणाच्या केसेस बघते. शेवंती, पहिली गोष्ट, त्या कागदावर सही नको. पैसे घ्यायला हरकत नाही पण ती ओळ खोडून, किंवा शेजारी लिहून की पीक नुकसानीपुरती रक्कम स्वीकारली, जमीन, पाणी आणि लाइन बदलण्याबाबतचे हक्क राखून. ते तयार नसतील तर थांबा.

दुसरं, जमिनीच्या हक्काचं. अशा लाइन बहुतेक 1962 च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याखाली टाकलेल्या असतात, जमीन मालकाचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क, आरओयू. भारताच्या राजपत्रात अमुक विहिरीपासून तमुक जीजीएसपर्यंत अशी अधिसूचना निघते, खाली सर्व्हे नंबर आणि हेक्टर-आर-चौरस मीटरचा तक्ता. मामांच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद असेल तर तिथून अधिसूचनेचा माग लागतो, आणि त्यावरून लाइन साधारण कधीची ते कळतं, म्हणजे वयाचा पुरावा कंपनीकडे मागायची गरजच नाही. त्या कायद्यात लाइन टाकताना, दुरुस्त करताना झालेल्या नुकसानीची भरपाई सक्षम प्राधिकारी ठरवतो, नाही पटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. पण गळतीने माती-पाणी खराब झालं तर मी एनजीटीलाच जाईन.

एनजीटी कायदा 2010, दोन कलमं नीट लक्षात ठेवा. कलम 14 खाली पर्यावरणाचा वाद, म्हणजे लाइन बदला, तपासा, असे आदेश मागता येतात, पण मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिने, वर सबळ कारण असेल तर 60 दिवस. कलम 15 खाली नुकसानभरपाई आणि जमीन-पाणी पूर्ववत करून घेणं, त्याला 5 वर्षं. कलम 17 मध्ये अपघात असेल तर चूक कोणाची हे सिद्ध न करता जबाबदारी लावता येते. म्हणूनच पहिल्या गळतीची तारीख मला आधी सांगा, फोनवर किंवा संदेशात, इथे नको. फी भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या 1 टक्का, कमीत कमी 1000 रुपये. एक सावधगिरी, एनजीटीच्या पहिल्या अनुसूचीत ठरावीक कायदे आहेत, पाणी कायदा, हवा कायदा, 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा वगैरे, माइन्स ॲक्ट त्यात नाही. म्हणून अर्जाचा पाया प्रदूषण ठेवायचा, ऑइल माइन्स रेग्युलेशन्स पुरावा म्हणून आणायची, की बघा हे पाळलं असतं तर हे झालं नसतं.

शेवंती:
ताई, हे एवढं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. पाण्याचे नमुने कसे घ्यायचे? मामेभाऊ बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवायला निघाला होता, मी थांबवलंय.

निवृत्त_निरीक्षक:
बरं केलंत. तेल प्लास्टिकला चिकटतं, काचेची गडद बाटली घ्यायची, थंडीत ठेवायची, शक्य तितक्या लवकर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला द्यायची, लॅबचाच माणूस येऊन घेत असेल तर सर्वात उत्तम आणि त्यावेळी तलाटी किंवा सरपंच हजर ठेवा. मातीचे नमुने वरच्या 15 सेंटीमीटरचे वेगळे आणि त्याखालचे वेगळे, आणि शेताच्या स्वच्छ कोपऱ्यातलाही एक, तुलनेसाठी, तो नसेल तर कंपनी म्हणेल तुमची जमीन आधीपासूनच अशी. टेस्ट कुठल्या? टीपीएच म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन सगळे सांगतात, पण तुमच्या केसमध्ये क्षार जास्त महत्त्वाचे. क्लोराइड, सोडियम आणि ईसी (विद्युत वाहकता, त्यावरून क्षार कळतात) नक्की करा. कापूस करपला तो बहुतेक खाऱ्या पाण्याने. तेल जिवाणू खातात, मीठ कोणी खात नाही. तेलकट मातीसाठी ओएनजीसी आणि टेरी या संशोधन संस्थेने मिळून जिवाणूंचं मिश्रण वापरात आणलंय, ऑइलझॅपर, त्याने जमीन सुधारते, वेळ लागतो पण होते. सोडियमला मात्र जिप्सम, भरपूर गोडं पाणी आणि निचरा लागतो. माती सुधारायचा खर्च मागताना दोन्ही मागा, नाहीतर तेलाचे पैसे देतील आणि मीठ मामांच्या पदरात.

पेट्रो_थर्ड_इयर:
अजून एक, जमिनीवरचं तेल-गॅस उत्पादन 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेत येतं, त्यामुळे फील्डला पर्यावरण मंजुरी असेल तर तिचं पत्र पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधा, त्यात बऱ्याचदा अटी असतात, गळती झाली तर काय करायचं याच्या. आणि दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. त्या अहवालात पहिली गळती लिहिली होती का ते बघा!

वकील_शिवाजीनगर:
हा मुद्दा चांगला आहे, मी वापरणार. जुनं फील्ड अधिसूचनेच्या आधीचं असेल तर मंजुरी नसेलही, तरी शोधा. माहिती अधिकारात पण अर्ज टाका, केंद्राच्या ऑफिसला 10 रुपये फी, राज्याची फी वेगळी असू शकते, 30 दिवसांत उत्तर. ऑपरेटर सरकारी कंपनी असेल तर थेट तिला, खासगी असेल तर डीजीएमएस आणि जीपीसीबीला, त्यांच्या ताब्यात असलेली माहिती ते देतात. मोघम विचारू नका. असं लिहा की अमुक विहीर ते अमुक जीजीएस या फ्लोलाइनचं काम कधी पूर्ण झालं, गेल्या 10 वर्षांत जाडी कधी कधी मोजली आणि किती भरली, हायड्रोटेस्ट कधी, आतापर्यंत किती क्लॅम्प कुठे कुठे, लाइन बदलायचा प्रस्ताव गेला होता का आणि त्याचं काय झालं.

लोणीकर:
वाचतोय सगळं. मला वाटत होतं पाइपलाइन म्हटली की सगळीकडे आमच्यासारखंच असेल. एक विचारू का, एवढं करून लाइन बदलतात का खरंच? आंध्रात गेलच्या लाइनचा स्फोट झाला होता त्याचं पुढे काय झालं असेल.

निवृत्त_निरीक्षक:
नगरम, 27 जून 2014, तेव्हाचा पूर्व गोदावरी जिल्हा, वीसहून जास्त माणसं गेली. 18 इंची लाइन, कोरड्या गॅससाठी केलेली, आणि तिच्यातून पाणी आणि कंडेन्सेट (गॅसमधून सुटणारं हलकं तेल) असलेला ओला गॅस जात होता, आतून गंज. तमिळनाडूत कथिरामंगलमला जून 2017 मध्ये भातशेतीत कच्चं तेल आलं, सगळं गाव रस्त्यावर उतरलं. मार्च 2023 मध्ये नागूरजवळ पट्टिनमचेरीला किनाऱ्यावर लाइन गळली तेव्हा मच्छीमारांनी एकच मागणी लावून धरली, लाइन काढून टाका. बदलतात की नाही याचं उत्तर माझ्या अनुभवातून देतो, ज्या लाइनच्या मागे बाहेरून लेखी प्रश्न आला तिची फाइल आत भराभर सरकते, कारण उद्या काही झालं तर प्रश्न येऊनही दुर्लक्ष केलं हे कोणालाच आपल्या सहीखाली नको असतं. म्हणून तोंडी बोलू नका, प्रत्येक गोष्ट पोचपावतीसह.

शेवंती:
आज मामांशी परत बोलले. सातबाऱ्यात नोंद आहे! मामेभाऊ राजपत्र शोधतोय. डीजीएमएसच्या अहमदाबाद ऑफिसला फ्लोलाइन शब्द घालून तक्रार रजिस्टर पोस्टाने गेली, जीपीसीबीच्या प्रादेशिक ऑफिसला प्रत, बंद लाइनचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात. शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या शेतातूनही तीच लाइन जाते, ते पण सही करायला तयार झालेत, एकाचा पंप त्या लाइनच्या अगदी जवळ आहे. आता अडचण कागदांची, पंचनामा आणि सातबारा दोन्ही गुजरातीत आहेत. एनजीटीत चालतील का, की भाषांतर लागेल? पुण्यात गुजराती-इंग्रजी करणारं कोणी माहीत असेल तर सांगा.

वकील_शिवाजीनगर:
इंग्रजी भाषांतर लागेल, मूळ प्रतीच्या मागे जोडायचं. माझ्या ओळखीत भाषांतर करणाऱ्या आहेत, नंबर संदेशात पाठवते. तिन्ही शेतकऱ्यांचा एकत्र अर्ज करू, तीन सातबारे, तीन वकालतनामे, फोटोंवर तारीख आणि सर्व्हे नंबर लिहून घ्या. पंचनाम्याची सही-शिक्क्याची प्रत मागवा, व्हॉट्सॲपवरच्या फोटोत तारखेची जागा वाचता येत नाहीये आणि 6 महिन्यांचं गणित त्या तारखेवरच आहे. बेंच काउन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत आहे, मामांनी यायची गरज नाही, प्रतिज्ञापत्र वडोदऱ्याला नोटरीसमोर करून कुरियर केलं तरी चालेल. लॅबचा रिपोर्ट आला की मला कळवा, तोपर्यंत मसुदा तयार ठेवते.

शेवंती:
नमुने उद्या घेतले जातायत, लॅबचा माणूस येणार आहे आणि सरपंच हजर राहणार आहेत. रिपोर्ट आला की इथेच टाकते, क्षारांचे आकडे काकांना दाखवायचेत.